राइल्स ट्यूब पुन्हा पुन्हा बंद पडते : गोळ्या कुटून देताना नेमके कुठे चुकते

नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब बंद पडते, ती काढून नवी घातली जाते, दोन-तीन दिवस बरे जातात आणि पुन्हा एका पहाटे सिरिंजमधले पाणी जागचे हलत नाही. पक्षाघाताचे, डोक्याला मार लागलेले किंवा अन्य कारणाने गिळता न येणारे रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकांना ही अडचण नवी नाही. असा रुग्ण घरी असलेल्या कुटुंबांना तर ती फार छळते, कारण दर वेळी रिक्षा करून दवाखाना गाठावा लागतो आणि दर वेळी नाकातून नळी घालताना रुग्णाचे हाल होतात. सोलापुरात मेडिसिन वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग मिळून माझी एकोणीस वर्षे गेली आहेत, आणि या कामातून माझे ठाम मत झाले आहे की एकाच रुग्णाची नळी आठवड्यात दुसऱ्यांदा बंद पडली, तर दोष नळीत शोधण्याआधी औषधांच्या यादीत शोधावा.

एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगते. शहरातल्या विडी घरकुल वसाहतीत राहणारे, उभे आयुष्य यंत्रमागावर काढलेले एक काका पक्षाघातानंतर नळीवर घरी गेले होते. नऊ दिवसांत त्यांची नळी चौथ्यांदा बंद पडली. आधीच्या तिन्ही वेळा ती बदलून त्यांना परत पाठवले गेले होते आणि सूनबाईंना 'पाणी नीट घालत जा' एवढेच सांगितले गेले होते. चौथ्या वेळी काढलेली नळी मी फेकली नाही. ट्रेमध्ये ठेवून टोकाकडचा वीतभर भाग ब्लेडने उभा चिरला. टोकाजवळच्या छिद्रांच्या आत पिवळट रंगाचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ तुकडे एकावर एक चिकटले होते आणि त्यांच्याभोवती नासलेल्या दुधाचा पांढरा चोथा घट्ट बसला होता. त्याच्या वरचा नळीचा भाग बराचसा स्वच्छ होता. ते पापुद्रे पॅन्टोप्राझोल या आम्लता कमी करणाऱ्या गोळीच्या आवरणाचे होते, आणि दूध नासण्याचे कारण यादीतच होते : पोटॅशियम क्लोराइडचे सिरप न पातळ करता घातले जात होते आणि त्यावर लगेच दुधाचे फीड, म्हणजे नळीतून देतात ते पातळ अन्न, दिले जात होते. सूनबाई पाणी नीटच घालत होत्या, फक्त सगळे झाल्यावर शेवटी घालत होत्या. दोन औषधांच्या मध्ये आणि औषध व दूध यांच्या मध्ये पाणी घालायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आधी नळी खरोखर बंद आहे का, हे पाहावे

पाणी जात नाही म्हणजे नळी आतून तुंबली, असे लगेच धरू नये. क्लॅम्प लागलेला आहे का, नळी उशीखाली किंवा पलंगाच्या कठड्यात दबली आहे का, चिकटपट्टीपाशी तिला घडी पडली आहे का, हे आधी पाहावे. मग टॉर्च घेऊन रुग्णाचे तोंड उघडून घशात पाहावे, कारण खोकला किंवा उलटी होऊन गेलेल्या रुग्णाच्या घशात नळीचे वेटोळे झालेले अनेकदा सापडते. नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण होती आणि आता किती आहे, हे नोंदीशी ताडून पाहावे. खूण बाहेर सरकलेली असेल, तर पाण्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. जागेची खात्री होईपर्यंत सगळे थांबवावे.

जागेची खात्री करताना सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते. या रीतीवर विसंबू नये, कारण श्वासमार्गात गेलेल्या नळीतून मारलेल्या हवेचा आवाजही तसाच ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पी.एच., म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितके आम्ल जास्त), आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर नळी पोटात असल्याचा भरवसा धरता येतो. नुसता रंग बदलणारा लिटमस कागद त्यासाठी पुरेसा नाही. आम्लता कमी करणारी औषधे चालू असतील, तर पोटातल्या द्रवाचा पी.एच.ही वाढलेला मिळू शकतो. अशा वेळी आणि कोणतीही शंका असेल तेव्हा एक्स-रे हाच निर्णायक पुरावा असतो. घरी असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी एवढेच सांगते की खूण हलली असेल, तर काहीही न घालता रुग्णाला घेऊन यावे.

तुंबलेली नळी मोकळी करताना

नळी जागेवर आहे आणि तरीही बंद आहे असे ठरल्यावर ५० सी.सी.ची सिरिंज लावून आधी हलकेच मागे ओढावे. पुष्कळदा वरच्या भागात अडकलेला चोथा तेवढ्यानेच बाहेर येतो. नंतर कोमट पाणी घेऊन दट्ट्या हलक्या हाताने पुढे-मागे करावा, पाणी आत राहू देऊन नळी पाच ते वीस मिनिटे बंद ठेवावी आणि पुन्हा तसेच करावे. घाईत असलेल्या माणसाचा हात इथे जोर लावतो, आणि नुकसान तिथेच होते. २ किंवा ५ सी.सी.ची छोटी सिरिंज लावून जोर दिला, तर नळीच्या आतला दाब मोठ्या सिरिंजपेक्षा कितीतरी वाढतो आणि नळी फाटू शकते. तार, गाइडवायर किंवा नळीसोबत आलेली सळई रुग्णाच्या शरीरात असलेल्या नळीत पुन्हा कधीही घालू नये, कारण ती नळीच्या छिद्रातून बाहेर पडून अन्ननलिकेला किंवा जठराला इजा करू शकते.

कोलासारखी शीतपेये, लिंबाचा रस किंवा अननसाचा रस घालून पाहण्याचा सल्ला नातेवाइकांना कोणीतरी दिलेला असतोच. आंबट पदार्थाने फीडमधली प्रथिने आणखी घट्ट होतात, म्हणून हे उपाय टाळावेत. कोमट पाण्याने अर्ध्या तासात गुण आला नाही, तर डॉक्टरांना कळवावे. त्यांच्या आदेशाने स्वादुपिंडातील पाचकरसाचे औषध सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मिसळून नळीत भरून ठेवता येते. दुधाच्या किंवा प्रथिनांच्या चोथ्यावर ते उपयोगी पडते, पण गोळीच्या आवरणावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. विडी घरकुलातल्या काकांची नळी त्यामुळेच कशानेही मोकळी झाली नव्हती.

नळी मोकळी झाली किंवा बदलली, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो बहुतेक वेळा विसरला जातो. ज्या वेळेचे औषध देताना नळी बंद पडली, ते औषध पोटात किती गेले आणि नळीतच किती अडकले? झटक्यांचे किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल, तर हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मात्रा पुन्हा द्यायची की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नये आणि 'दिले' अशी नोंदही करू नये. जे घडले ते तसेच लिहून डॉक्टरांना विचारावे.

यादी वाचावी आणि स्ट्रिपची मागची बाजूही वाचावी

पक्षाघाताच्या रुग्णाच्या यादीत साधारणपणे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाची एखादी गोळी, आम्लता कमी करणारी गोळी आणि गरज असेल तर झटक्यांचे औषध असते. यांतली क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन आणि साधी ॲम्लोडिपिन या गोळ्या कुटून देता येतात, आणि त्यांच्यावरचे पातळ आवरण पाच मिनिटे पाण्यात भिजवले की मऊ पडते. अडचण उरलेल्या गोळ्यांमध्ये असते.

पॅन्टोप्राझोलच्या गोळीवर आणि ॲस्पिरिनच्या हृदयरुग्णांना देतात त्या लहान मात्रेच्या पुष्कळ गोळ्यांवर असे आवरण असते, की ते पोटातल्या आम्लात विरघळू नये आणि गोळी आतड्यात जाऊन सुटावी. अशी गोळी कुटली की दोन वाईट गोष्टी घडतात. आवरणाचे पापुद्रे पाण्यात न विरघळता एकमेकांना चिकटतात आणि नळी बुजवतात, आणि आवरण गेलेले पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लाने निकामी होते. म्हणजे नळीही बंद पडते आणि औषधही वाया जाते. ॲस्पिरिनसाठी पाण्यात विरघळणारी साधी गोळी मिळते. पॅन्टोप्राझोलऐवजी वॉर्डात इंजेक्शन देता येते, आणि घरी जाणाऱ्या रुग्णासाठी इसोमेप्राझोलची पाण्यात मिसळण्याची पुडी किंवा फॅमोटिडिनची साधी गोळी असे पर्याय डॉक्टरांपुढे ठेवता येतात. या औषधाची गरज अजून आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. मी विचारले तेव्हा ते पुष्कळदा बंदच झाले आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल मिळते, तिच्यात ॲस्पिरिनचे आवरण असलेले बारीक मणी असू शकतात. कॅप्सूल उघडता येते, म्हणजे आतले सगळे कुटता येते, असे समजू नये.

दुसरा धोका नळीला नसून थेट रुग्णाच्या जिवाला आहे. नावापुढे एस.आर., एक्स.आर., ई.आर., सी.आर., एम.आर., एक्स.एल. किंवा रिटार्ड असे काही असलेली गोळी बारा किंवा चोवीस तासांचे औषध हळूहळू सोडण्यासाठी केलेली असते. ती कुटली की ते सगळे औषध एकदम सुटते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका दुसऱ्या रुग्णालयात, मी स्वतः निफेडिपिनची रिटार्ड गोळी कुटून एका आजींना नळीतून दिली होती. पाऊण तासाने त्यांचे हात थंड पडले, वरचा रक्तदाब ऐंशीवर आला आणि त्यांना सावरायला सगळा वॉर्ड धावला. त्या वाचल्या. ती स्ट्रिप मी सकाळी हातात धरली होती आणि तिच्यावर रिटार्ड हा शब्द होता. तेव्हापासून नळीच्या रुग्णाची प्रत्येक स्ट्रिप मी उलटी करून वाचते.

उलटी करून वाचायला ती पूर्ण असावी लागते. आपल्याकडे मेडिकलमधून चार-सहा गोळ्या कापून घेण्याची सवय आहे, आणि कापलेल्या तुकड्यावर पुष्कळदा अर्धेच नाव शिल्लक असते. गोळी कशा प्रकारची आहे ती बारीक अक्षरांतली ओळ दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हाती गेलेली असते. नळीवरच्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी पूर्ण स्ट्रिप घेण्याचा आग्रह करते, आणि ते परवडत नसेल तर दुकानातच स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगते. नावापुढे अक्षरे नाहीत म्हणजे गोळी निर्धोक आहे, असेही समजू नये. पॅन्टोप्राझोलच्या नावापुढे अशी अक्षरे बहुधा नसतातच.

हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा पर्याय बहुतेक वेळा असतो, पण तो परिचारिकेने आपल्या अधिकारात करायचा नसतो. मेटॉप्रोलॉलच्या एक्स.एल. गोळीऐवजी साधी गोळी दिवसातून विभागून देता येते आणि सोडियम व्हॅल्प्रोएटच्या सी.आर. गोळीऐवजी सिरप मिळते, मात्र मात्रा आणि वेळा डॉक्टरांनी नव्याने लिहून द्याव्या लागतात. डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या कॅप्सूलविषयी विशेष सांगायला हवे. तिच्यातले मणी कॅप्सूल काढून दिले, तर रक्तात उतरणारे औषध सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते आणि रक्तस्रावाचा धोका होतो. ती नळीच्या रुग्णाला चालत नाही. टॅमसुलोसिनची कॅप्सूलही तशीच बाजूला ठेवावी.

मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, मायकोफेनोलेट, फिनास्टेराइड यांसारखी औषधे उघड्यावर कुटू नयेत, कारण त्यांची भुकटी कुटणाऱ्याच्या श्वासात आणि हाताला लागते. गरोदर असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या परिचारिकेने त्यांना हातच लावू नये. ड्यूटीवर अशी कोणी असेल, तर काम दुसरीकडे सोपवायला वॉर्ड इन्चार्जने संकोच करू नये.

द्रव औषध म्हणजे सुरक्षित औषध, असेही सरसकट नसते. पोटॅशियम क्लोराइडसारखे सिरप पातळ न करता घातले, तर ते फीड नासवते आणि पोटालाही झोंबते. सुक्राल्फेटचे दाट औषध फीडशी मिळून घट्ट गोळे करते. ज्या सिरपमध्ये सॉर्बिटॉल हा गोडीसाठीचा पदार्थ असतो, तशी दोन-तीन सिरपे चालू असली, तर रुग्णाला जुलाब लागतात आणि दोष मात्र फीडला दिला जातो. आणि बद्धकोष्ठतेसाठी कोणी इसबगोल सुचवला, तर नळीतून तो कधीही घालू नये. वाटीत तो कसा फुगतो हे सर्वांनी पाहिलेले आहे, नळीतही तो तसाच फुगतो.

कुटण्याची आणि देण्याची रीत

घरी गोळ्या कशात कुटतात, हे विचारल्याशिवाय राहू नये. मी विडी घरकुलातल्या त्या घरी गेले, तेव्हा सूनबाईंनी जो लोखंडी खलबत्ता दाखवला, त्यातच शेंगाचटणीही कुटली जात होती. धुतलेला होता, तरी बत्त्याच्या टोकाला लालसर तेलकट थर आणि शेंगांचा भरडा बोटाला लागत होता. सोलापुरातल्या घरात शेंगाचटणीचा खलबत्ता रोज लागतो, त्यामुळे त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी त्यांना एक छोटा चिनी मातीचा खल आणायला सांगितले आणि तो फक्त औषधासाठी वेगळा ठेवायला सांगितले. पुष्कळ साध्या गोळ्यांना खल लागतही नाही. औषधाच्या कपात दहा-पंधरा मिलिलिटर पाण्यात गोळी टाकून पाच मिनिटे ठेवली, की ती आपोआप फुटते आणि चमच्याने हलवले की एकजीव होते.

रीत अशी : फीड थांबवावे, रुग्णाचे डोके आणि छाती ३० ते ४५ अंश उंच करावी, नळीची खूण पाहावी, ३० मिलि पाण्याने नळी धुवावी. मग एक औषध १० ते १५ मिलि पाण्यात कालवून द्यावे, १० मिलि पाणी घालावे, त्यानंतर दुसरे औषध, पुन्हा पाणी, आणि शेवटी ३० मिलि पाणी. सगळ्या गोळ्या एकाच कपात कालवून एका दमात देऊ नयेत, कारण त्या एकमेकींशी मिळून घट्ट होऊ शकतात आणि मध्येच उलटी झाली, तर कोणते औषध गेले आणि कोणते राहिले हे सांगता येत नाही. फीडमध्ये औषध मिसळणे तर पूर्ण टाळावे. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरावी आणि औषध आपल्या वजनाने उतरू द्यावे, ते थांबले तरच हलका दाब द्यावा. औषध दिल्यावर अर्धा तास तरी रुग्णाला सपाट झोपवू नये.

कपाच्या तळाशी पांढरे कडे राहते, ते औषधच असते. थायरॉक्सिन किंवा डिगॉक्सिन यांसारख्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्यांमध्ये ते कडे म्हणजे मात्रेचा मोठा भाग असू शकतो. कपात पुन्हा पाच मिलि पाणी फिरवून तेही द्यावे.

वॉर्डातल्या बहिणींना आणि ब्रदरना एक कळकळीची विनंती आहे. कुटलेले औषध शिरेच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून, नाव न लिहिता ट्रेमध्ये कधीही ठेवू नये. दुसऱ्या कोणाच्या हातून ते शिरेत गेले, तर रुग्ण दगावू शकतो. नळीच्या रुंद तोंडात बसणारी, लांब टोकाची सिरिंजच वापरावी आणि तिच्यावर औषधाचे नाव व 'फक्त नळीतून' असे लिहावे.

नळी चालते, पण औषध लागू पडत नाही

बंद पडलेली नळी निदान लक्षात तरी येते. नळी उत्तम चालत असताना औषधाचा उपयोगच होत नसेल, तर ते फार उशिरा कळते. फेनिटॉइन हे झटक्यांचे औषध त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. नळीतून दिलेले फेनिटॉइन चालू फीडसोबत गेले, की ते शरीरात फार कमी शोषले जाते, आणि 'औषध वेळेवर देतोय, तरी झटके येतात' अशी तक्रार घेऊन नातेवाईक येतात. औषधाच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड थांबवावे, सिरप असेल तर बाटली चांगली हलवून मगच मापावे, ते पाणी घालून पातळ करावे, आणि रक्तातली पातळी तपासण्याविषयी डॉक्टरांना आठवण करावी. दिवसातून तीन वेळा औषध असेल, तर फीडचे तास कमी पडतात आणि रुग्ण उपाशी राहतो. मग वेळापत्रकच बदलावे लागते किंवा डॉक्टर लेव्हेटिरासिटॅमसारख्या पर्यायाचा विचार करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दुधातल्या आणि फीडमधल्या कॅल्शियमशी बांधले जाते, थायरॉक्सिनला रिकामे पोट लागते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम फीडसोबत कमी होऊ शकतो म्हणून आय.एन.आर. या रक्त गोठण्याच्या तपासणीवर लक्ष ठेवावे लागते, आणि पार्किन्सनच्या लेव्होडोपाला प्रथिनांपासून दूर ठेवावे लागते.

नळीचे टोक जठरात आहे की पुढे लहान आतड्यात, हेही पाहावे लागते. पोटातल्या आम्लावर किंवा व्रणावर काम करणारी सुक्राल्फेट आणि अँटासिड यांसारखी औषधे टोक आतड्यात असेल तर निरुपयोगी ठरतात, आणि रिव्हारोक्साबानसारखे औषध जठराच्या पुढे सोडले, तर कमी शोषले जाते.

पाण्याचा हिशोब

नळी धुण्याचे पाणी फीडच्या तक्त्यात पुष्कळदा लिहिलेच जात नाही. सहा औषधे असलेल्या रुग्णाला एका वेळी आधी ३० मिलि, प्रत्येक औषधासाठी १० याप्रमाणे ६०, मधल्या पाच वेळांचे ५० आणि शेवटी ३०, असे १७० मिलि पाणी जाते. दिवसातून तीन वेळा म्हटले, की ते अर्धा लिटरच्या वर जाते. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या आणि ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, अशा रुग्णांत हे पाणी इन्टेक-आउटपुट चार्टवर, म्हणजे शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याच्या तक्त्यावर, घेतले नाही, तर पायांवर सूज आणि दम का वाढला हे कोडेच राहते. अशा रुग्णांत डॉक्टरांशी बोलून पाणी कमी करावे, पण मधले धुणे बंद करू नये. उलट एप्रिल-मे महिन्यांत, सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असताना, बाकीच्या रुग्णांना हेच पाणी हिताचे ठरते.

पाणी कोणते, हाही आपल्या शहरात खरा प्रश्न आहे. उजनीचे नळाचे पाणी रोज येत नाही, ते पिंपात साठवावे लागते, आणि मध्ये खंड पडला की बोअरचे पाणी वापरले जाते. बोअरचे जड पाणी तापवलेल्या हंड्याच्या आत जो पांढरा थर धरतो, तो पाहिला की ते पाणी मी नळीसाठी सांगत नाही. उकळून, गाळून, झाकून गार केलेले पिण्याचे पाणी वापरावे आणि ते रोज ताजे करावे. नळी आतड्यापर्यंत गेलेली असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर निर्जंतुक पाणीच घ्यावे. घरचे फीडही, मग ते डाळीचे पाणी असो, ज्वारीचे पातळ आंबील असो की दुधातली खीर, मिक्सरमधून काढून बारीक गाळणीतून गाळावे आणि उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. १६ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) नळीचा बाहेरचा व्यास सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आतली वाट त्याहून अरुंद असते. डाळीचे एक साल तिथे पुरेसे होते.

घरी पाठवताना

त्या काकांच्या यादीतून डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल काढले, ॲस्पिरिनची विरघळणारी गोळी लिहिली, आणि पोटॅशियम रक्ततपासणीत ठीक आल्यावर तेही थांबवले. पुढची नळी ठरलेल्या दिवशी बदलेपर्यंत चालली. आता नळीवर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णासोबत मी एक पुठ्ठा देते. त्यावर नळीचा क्रमांक, घातल्याची तारीख आणि नाकपुडीपाशी असलेला सेंटिमीटरचा आकडा असतो, त्याखाली प्रत्येक औषधापुढे 'कुटायचे', 'भिजवायचे' किंवा 'कुटायचे नाही' यांपैकी एक शब्द असतो, आणि कोणत्या औषधाच्या आधी फीड किती वेळ थांबवायचे ते असते. ज्या घरात तेलुगू किंवा कन्नड वाचणारे कोणी असते, तिथे शेजारच्या मुलांकडून तेच त्या भाषेत पुठ्ठ्याच्या मागे लिहून घेते, कारण आपल्या पेठांमध्ये औषध देणारी बाई आणि चिठ्ठी वाचणारा माणूस पुष्कळदा वेगवेगळे असतात. नवीन गोळी सुरू झाली, की ती पुठ्ठ्यावर चढेपर्यंत कुटायची नाही, असे सांगते.

पुठ्ठ्याच्या तळाशी लाल पेनाने तीन ओळी असतात. औषध देताना खोकला, धाप किंवा ओठ निळे पडणे दिसले, तर ताबडतोब थांबवून दवाखान्यात यावे. कोमट पाण्याने अर्ध्या तासात नळी उघडली नाही, तर पुढचे प्रयत्न घरी करू नयेत, आणि झटक्यांच्या औषधाची वेळ जवळ आली असेल, तर तेवढाही वेळ थांबू नये. नळी चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागेल असे दिसत असेल, तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात घालायच्या नळीविषयी पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीने विचारावे.